पोळलेल्या लोकरीचा वास

वाटूर फाट्यावरून परतूरच्या रस्त्याला लागलं, की दुसऱ्या गल्लीत एक घर आहे. पुढून पत्र्याचं, मागून मातीचं. त्या घरासमोरून जाताना माणसं चालता चालता थबकतात आणि नाक वर करतात. कधी गवती चहाचा वास, कधी दवण्याचा, कधी निलगिरीचा. डिझेल, धूळ आणि भज्यांचं करपलेलं तेल सोडलं तर फाट्यावरच्या नाकांना दुसरी सवय नाही. म्हणून नवा माणूस विचारतोच, "इथं अत्तराचं दुकान हाय का?" मग कुणीतरी हसून सांगतं, "न्हाई हो. धनगराच्या दैवशालेच्या मेणबत्त्या हाईत त्या. लाइट असून लोक इकत घेऊन राह्यले, काय सांगावं!"

गावाला हसायला निमित्तच हवं असतं. पण दैवशालेवर हसताना ते जरा जपून हसतं. त्या घरातला एक माणूस कमी आहे, आणि तो मेलाय की जिवंत आहे हे बारा वर्षांत कुणाला सांगता आलेलं नाही.

तो माणूस म्हणजे तिचा नवरा सुग्रीव. साठ-सत्तर मेंढरांचा धनी. सुगी झाली की मेंढरं घेऊन गोदावरीच्या, इथल्या तोंडी गंगेच्या, अंगाला जायचं, लोकांच्या रिकाम्या रानात ती बसवायची, त्या खताच्या बदल्यात दाणे घ्यायचे आणि उन्हाळा सरता सरता परत यायचं, हा त्याच्या आज्यापासूनचा रिवाज. बारा वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात तो शहागडला गेला. एका सकाळी रानाच्या मालकाला मेंढरं जागच्या जागी सापडली, एकही कमी नाही. कुत्री बांधलेली. नदीकाठच्या दगडावर घोंगडी घडी घालून ठेवलेली, वर काठी, खाली पायताणं. माणूस तेवढा नव्हता. धाकटा भाऊ त्रिंबक आठ दिवस पुलाखालचं पाणी आणि काठची बाभळबनं पालथी घालत फिरला. कुणी म्हणालं, वरून पाणी सोडलं होतं, त्यात गेला असेल. हायवेवरचा एक ढाबेवाला म्हणाला, असा एक जण अनवाणी पायांनी ट्रकात चढताना बघितला. नदीनं प्रेत दिलं नाही, ट्रकानं माणूस दिला नाही. कागदावर बेपत्ता असं लिहिलं गेलं आणि तो शब्द घरात येऊन बसला तो बसलाच.

मागं तिघी राहिल्या. दैवशाला, सात वर्षांची लेक रेणू आणि सासू गोपिकाबाई. मेंढरं विकावी लागली. दैवशाला लोकांच्या कापसात, सोयाबीनमध्ये रोजानं जाऊ लागली. दिवेलागणीला घरी आली, की उंबऱ्यावर बसायची आणि रस्त्याकडं बघायची. माणूस मेला तर रडून मोकळं होता येतं, यायचा असला तर वाट बघता येते. तिला दोन्ही एकदम करावं लागलं, आणि दोन्ही एकदम कुणाला जमत नाही. समोर भाकरी ठेवली तर अर्धी खायची, अर्धी झाकून ठेवायची. त्या अर्ध्या भाकरीवर तिनं वर्षांमागून वर्षं काढली. कपाळाचं कुंकू मात्र रोज न चुकता लावायची, जरा ठळकच.

मेणबत्त्यांचं खूळ गावात आणलं ते आकांक्षानं. ती इथल्याच एका जुन्या शेतकरी घरातली लेक, लग्न होऊन जालन्याला गेली आणि तिथं तिनं भेटवस्तूंचं दुकान टाकलं. गेल्या उन्हाळ्यात माहेरी येऊन तिनं बचत गटाच्या बायकांना सुगंधी मेणबत्त्या शिकवल्या. पंधरा बायका शिकल्या, आरंभशूरपणा दोन महिने टिकला आणि चौदा जणी घरी बसल्या. दैवशाला तेवढी राहिली. तिला त्यात गोडी होती असं नाही. रोजानं जाण्यापेक्षा सावलीत बसणं बरं, इतकाच हिशेब.

काम बघायला सोपं आहे. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, त्यात लहान पातेलं, त्यात सोयाचं मेण. मेण वितळलं की खाली उतरवून थोडं निवू द्यायचं आणि थर्मामीटर पासष्टाच्या आसपास आला की सुगंधी तेल घालायचं. त्याहून गरम मेणात घातलं तर सुगंध वाफेबरोबर उडून जातो. मग काचेच्या बरणीत मधोमध वात धरून सावकाश ओतायचं आणि दोन आठवडे झाकून ठेवायचं, म्हणजे तेल मेणात मुरतं. आकांक्षाला वाती हातच्या हव्या होत्या. हे काम गोपिकाबाईकडं आलं. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "मला आता काय बघायचं ऱ्हायलंय?" पण जन्मभर टकळीवर लोकर कातलेली बोटं ती. कापसाची सरळ वात वळायला त्यांना डोळ्यांची गरज नव्हती.

पहिली खेप भादव्यात झाली आणि तीत दैवशालेनं चूकच केली. मेण चुलीवर खदखदत होतं आणि हिचं चित्त नेहमीसारखं रस्त्यावर. थर्मामीटर न बघताच तिनं गवती चहाचं तेल त्यात ओतलं. सगळं घर घमघमलं, शेजारची द्वारकाबाई विचारायला आली, चहा केला का म्हणून. पंधरा दिवसांनी झाकणं उघडली तर वास नावालाही नाही. सगळा सुगंध पहिल्याच दिवशी उडून गेला होता. विकायच्या लायकीच्या त्या नव्हत्या, म्हणून वाया जायला नको असं म्हणत तिनं एक मेणबत्ती दिवेलागणीला उंबऱ्याजवळ लावली.

थोडा वेळ काहीच नव्हतं. मेण वितळत बरणीच्या कडेला पोचलं आणि वास आला. लोकर पोळल्याचा.

सुग्रीवला थंडी सोसायची नाही. शेकोटीला इतका खेटून बसायचा, की त्याच्या घोंगडीचं एक टोक कायम पोळलेलं. दैवशाला रोज ओरडायची, "सरका की मागं, जळतान!" तो हसायचा आणि आणखी पुढं सरकायचा. पोळलेली लोकर, तिच्याखाली तंबाखूचा उग्रपणा आणि मेंढराच्या अंगाची ऊब. तो वास जगात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

ती ताडकन उठली. अंगणात गेली, रस्त्यापर्यंत जाऊन आली. कुणी नव्हतं. "आत्याबाई, वास येऊन राह्यलाय का तुमाला?"

"कशाचा?"

"घोंगडी पोळल्याचा."

म्हातारीनं तोंड वर केलं, पुष्कळ वेळ श्वास ओढला. "न्हाई बा," ती म्हणाली. "मला तर कशाचाच न्हाई."

त्या संध्याकाळी दैवशालेनं दोन भाकरी खाल्ल्या. झाकून काही ठेवलं नाही.

दुसरी खेप तिनं थर्मामीटर डोळ्यांसमोर धरून केली. ती उत्तम साधली आणि तिला नुसता गवती चहाचा वास आला, जसा यायला हवा. दैवशालेनं एक लावून बघितली, दुसरी लावून बघितली, पहिल्या खेपेतल्या उरलेल्याही लावून बघितल्या. मग तिनं मेणाचं पोतं बांधून कोपऱ्यात सारलं आणि पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसली. भाकरी पुन्हा अर्धी झाली. या वेळी तर तीही खाल्ली जात नव्हती. पहिल्यांदा गेला तेव्हा त्याच्या जाण्याचा आवाज तरी झाला नव्हता. आता तो दारापर्यंत येऊन परत गेला होता. गोपिकाबाई आतून तिच्या ताटाचा आवाज ऐकत होती.

दसऱ्यानंतर आकांक्षाचा दिवाळीचा माल करायचा म्हणून नाइलाजानं तिसरी खेप घातली. आणि तिला वास आला. आधी दवणा, मग मेण कडेला पोचलं की मागून हळूच पोळलेली लोकर. चौथ्या खेपेलाही आला.

तिथून पुढं दैवशालेचा हात थांबेना. सकाळी मेण, दुपारी मेण. कपाळाला घाम, बोटांना मेणाचे पापुद्रे, आणि ओठांवर गाणं नाही पण गाण्यासारखं काहीतरी. दिवेलागणीला ती एक मेणबत्ती उंबऱ्यात लावायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायची आणि बोलायची. मोठ्यानं नाही, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. रेणू आता जालन्याला नर्सिंग शिकते, उंच तुमच्यावर गेलीय. भावजींनी विहीर खोल केली. फाट्यावरचा लिंब तोडला. सांगता सांगता वास दाट होत जायचा. दार थंडीतही उघडं असायचं. द्वारकाबाईनं एकदा वाकून बघितलं तर दोन ताटं वाढलेली. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं, दैवशालेला वारं लागलंय. ऐकून दैवशालेला राग आला नाही. लागलं असेल तर लागू दे, असं तिला वाटलं. भीती म्हणाल तर तिला एकाच गोष्टीची होती, वास यायचा थांबेल याची.

त्या संध्याकाळच्या बसण्यात तिला जुनं जुनं आठवायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी एका मेंढीचं कोकरू मेलं होतं. मेंढी त्याच जागी उभी राहून ओरडायची, पाला खायची नाही, आचळ दगडासारखं झालेलं. दुसऱ्या एका कोकराची आई मेली होती, ते तिच्याजवळ नेलं तर तिनं लाथ मारली. मेंढी आपलं पिल्लू वासावरून ओळखते. मग सुग्रीवनं मेलेल्या कोकराचं कातडं काढलं आणि त्या पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधलं. मेंढीनं हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि पाय फाकवून उभी राहिली. दैवशालेला तेव्हा रडू आलं होतं. "फसिवताय बिचारीला," ती म्हणाली. सुग्रीव गाठ आवळत म्हणाला, "फसवून न्हाई राह्यलो. तिला येळ देऊन राह्यलो."

मार्गशीर्ष लागला आणि त्रिंबक येऊन ओट्यावर बसला. हा दीर भला माणूस. भावाच्या मागं त्यानं या घराला उपाशी ठेवलं नाही. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, मग बोलला.

"वैनी, बारा वर्षं भरली. आता इधी करावा लागतो. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, नारळाचं डोकं, आन अग्नी द्यायचा. शहागडला, गंगेवर. गुरवारचं ठरिवलंय मी."

"जित्या माणसाला अग्नी देता का, भावजी?"

"जिता असता तर आल्ता की आतापस्तोर."

"येऊन राह्यले ते. रोज येऊन राह्यले. तुमाला नाक न्हाई त्याला मी काय करू?"

त्रिंबकनं आईकडं बघितलं. गोपिकाबाई टकळी फिरवत होती, तिनं मान वर केली नाही. त्याला वाटलं होतं आई तरी बाजू घेईल. तो चडफडत उठला.

रेणूचा फोन त्याच दिवशी आला. तिला काकानंच सांगितलं असणार. "आई, कुठलाबी फॉर्म भरायचा म्हनलं की बापाच्या नावाम्होरं हयात का मयत इचारतेत. मी ती जागा कोरी सोडती. दर बारीला तो फॉर्म माघारी येतो. मी आता काय लिहू, तूच सांग." लेकीचं चुकत नव्हतं हे दैवशालेला कळत होतं, आणि त्यामुळंच ते जास्त लागलं. पण 'मयत' हा शब्द तिनं आपल्या तोंडानं उच्चारला असता, तर दिवेलागणीला कुणाला तोंड दाखवणार होती?

दोन दिवसांनी आकांक्षाचा फोन. ती अवघडून बोलत होती. "काकू, राग मानू नका. तुमच्या शेवटच्या दोन खेपांच्या मेणबत्त्या गिऱ्हाइकांनी परत आणल्या. तासाभरानं केस जळाल्यासारखा वास येतो म्हणे. मी स्वतः लावून बघितली. येतोच. काहीतरी मिसळतंय बघा."

दुसरी कुणी असती तर तिचं तोंड उतरलं असतं. दैवशालेनं फोन छातीशी धरला. इतके दिवस तिच्या मनात एक किडा होता, की हा वास आपल्याच डोक्यात आहे, लोक म्हणतात तसं आपल्याला वारंच लागलंय. आता जालन्यातल्या परक्या बायकांनीही तो घेतला होता, ज्यांना सुग्रीव कोण हे ठाऊकसुद्धा नव्हतं. तो होता. तो खरोखर होता. तिनं त्रिंबकला निरोप धाडला, की गुरुवारी मी येणार नाही, आणि बायकोशिवाय तुम्ही पुतळा जाळला तर या घराचा उंबरा पुन्हा चढू नका.

बुधवारी दुपारी ती परत आलेला माल आणायला जालन्याला निघाली. फाट्यावर तासभर उभी राहिली, एसटी आली नाही. कुठंतरी रस्ता रोको होता म्हणे. ती माघारी फिरली.

घराचं दार लोटलेलं होतं. आत गोपिकाबाई लोखंडी पेटीजवळ बसलेली. पेटी उघडी, मांडीवर सुग्रीवची घोंगडी. तीच, शहागडहून आलेली, जी दैवशालेनं बारा वर्षांत एकदाही उघडून बघितली नव्हती. म्हातारी चाचपत पोळलेलं टोक शोधत होती. सापडलं तसा तिनं नखानं एक धागा उसवला, कापसाच्या पेळूवर ठेवला आणि टकळी फिरवली. लोकर कापसात गुंडाळून दिसेनाशी झाली. बाजूला तयार वातींची जुडी होती.

दैवशालेच्या हातातली पिशवी खाली पडली.

"आलीस व्हय माघारी?" म्हातारी दचकली नाही. तिनं टकळीसुद्धा थांबवली नाही.

"तुमी... आत्याबाई, तुमी?" दैवशालेचा आवाज फाटला. "मी रोज त्यांच्याशी बोलून राह्यले! ताट वाढून राह्यले! गावानं मला येडी ठरिवलं, आन तुमी बसून ऐकलं? फसिवलं मला?"

"फसिवलं न्हाई, पोरी. कातडं बांधलं."

म्हातारीनं टकळी खाली ठेवली.

"त्या पयल्या खेपीच्या येळी तू दोन भाकरी खाल्ल्यास," गोपिकाबाई म्हणाली. "बारा वर्सांत पयल्यांदा. मी ताटाचा आवाज मोजती, मला डोळे कुठं हाईत? मंग दुसऱ्या खेपीला वास न्हाई म्हनलीस आन घासच सोडलास. मला वाटलं, आता ही जाती. एक लेकरू गंगंनं नेलं, दुसरं माझ्या उंबऱ्यात बसून वाळून जाईन. मंग ही पेटी उघडली. तू कामाला लागलीस, जेवाया लागलीस. आता मेण तुला ओळखतंय आन तू मेणाला. कातडं तीन दिस बांधायचं असतं. तिसऱ्या दिशी सोडायचं. न्हाई सोडलं तर ते सडतं, किडं पडतेत, आन जितं पिल्लू बी जातं. मला सोडाया उशीर झाला. हात धजंना."

दैवशाला पेटीपाशी येऊन बसली. तिच्या डोक्यात आता दुसरंच काहीतरी फिरत होतं.

"पयल्या खेपीत," ती म्हणाली, "पयल्या खेपीत तुमी घातली व्हती का लोकर?"

"न्हाई. सांगितलं न्हाई का मी? तवा तर पेटीला हातबी लावला नव्हता."

दोघींनी एकदमच दाराकडं तोंड केलं. दार उघडं होतं. उन्हात अंगण रिकामं होतं आणि उंबऱ्याजवळ कालच्या मेणबत्तीची काच तेवढी काळवंडून पडली होती. त्या पहिल्या संध्याकाळी कोण आलं होतं, याचं उत्तर त्या घरात कुणाजवळ नव्हतं आणि आजही नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा दैवशालेला वाटलं, तो आलाच असेल तर राहायला आला नसेल. निरोप घ्यायला आला असेल आणि मी त्याला रोज ताट वाढून धरून ठेवलं.

"उद्या जाऊ," ती म्हणाली.

शहागडला गोदावरीचं पाणी त्या दिवशी संथ होतं. पुलावरून ट्रक चालले होते. पळसाच्या पानांचा माणूस त्रिंबकनं आधीच करून ठेवला होता, लांबीला सुग्रीवएवढा. नारळावर त्यानं टोपी घातली होती, ती बघून जालन्याहून आलेल्या रेणूला हुंदका आवरेना. लेक बापाच्या चेहऱ्याकडं बघून रडावं तशी त्या नारळाकडं बघून रडली. दैवशालेनं पिशवीतून घोंगडी काढली. घडी मोडली, पानांच्या माणसाला गळ्यापर्यंत पांघरली आणि सवयीनं तिचं पोळलेलं टोक शेजारच्या मडक्यातल्या विस्तवापासून लांब, आत खोचलं. मग आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं. तिनं ते टोक पुन्हा बाहेर काढून मोकळं सोडलं.

त्रिंबकनं अग्नी दिला. पानं तडतडली आणि मग लोकर पेटली. तो वास उठला. या वेळी बरणीतला बोटभर नव्हता, अख्खा होता. पुलावरच्या माणसांनी नाकाला रुमाल लावले. त्रिंबकला तो आला, रेणूला आला, भटजींना आला. दैवशालेनं तोंड उघडून तो श्वास घेतला, जितका मावेल तितका, आणि मग ती ओरडली. "सरका मागं! जळतान!" बारा वर्षं दाबलेलं ते रडं नदीच्या पलीकडं ऐकू गेलं. बायकांनी तिला धरलं. राख गंगेत सोडली. कुंकवाचं काय करायचं ते गोपिकाबाईनं कुणाला ठरवू दिलं नाही. "तिचं कपाळ हाय, तिचं तिला बघू द्या," एवढंच म्हणाली.

तेरावा झाला, पाहुणे गेले, रेणू जालन्याला परतली. जाताना ती म्हणाली, "लिहिती आता." काय लिहिणार ते तिनं सांगितलं नाही आणि दैवशालेनं विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी नव्या खेपेची झाकणं उघडली. नव्या कापसाच्या नव्या वाती, आतलं काही लपवायचं नव्हतं. आकांक्षाकडं पाठवण्याआधी एक लावून बघावी लागते, म्हणून दिवेलागणीला दैवशालेनं मेणबत्ती उंबऱ्यात न ठेवता आत, सासूच्या अंथरुणाजवळ ठेवली. दार लावून घेतलं. दोघी समोरासमोर बसल्या. मेण हळूहळू वितळत गेलं. एक बोट, दोन बोटं. कडेला पोचलं.

"आला का?" गोपिकाबाईनं विचारलं.

"न्हाई, आत्याबाई. नुस्ता गवती चहा."

"बराबर हाय," म्हातारी म्हणाली. "तसंच पाह्यजे. आता कुनी माल माघारी आननार न्हाई."

ती टकळी शोधू लागली. टकळी हाताशीच होती, तरी तिला सापडेना. बोटं चटईवरून फिरत फिरत लोखंडी पेटीपर्यंत गेली, पेटीच्या झाकणावर थांबली. पेटी रिकामी होती. मग तिचा चेहरा आकसत गेला. पोरगा बेपत्ता झाल्याची बातमी आली तेव्हा जिनं चूल विझू दिली नव्हती, चिता पेटली तेव्हा जी ताठ बसून होती, ती गोपिकाबाई लहान पोरीसारखी रडायला लागली.

"तुला बांधलं गं कातडं," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी तू बोलायचीस आन मीबी हितं आत पडून तोच वास घ्यायची. मला म्हाईत व्हतं मीच वळलेली वात हाय. तरीबी घ्यायची. माझं बी लेकरू गेलंय, दैवशाले. मला कोन बांधीन?"

हे बारा वर्षांत दैवशालेच्या मनातच आलं नव्हतं. वाट बघायला ती एकटी बसलीय, असंच ती धरून चालली होती, आणि मागं अंधारात आणखी एक जण बसलेली होती. तिला लाज वाटली आणि माया दाटून आली, दोन्ही एकाच वेळी.

तिनं मेणबत्ती बाजूला सारली आणि म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवलं. केसांत मेण होतं, हातांना गवती चहाचं तेल होतं, दुसरा कुणाचाही वास नव्हता. गोपिकाबाईची बोटं तिच्या डोक्यावरून फिरली, कानामागून, मानेवरून. मग म्हातारी वाकली आणि तिनं सुनेचं डोकं हुंगलं. थांबली. पुन्हा एकदा हुंगलं, सावकाश, पुष्कळ वेळ.

"जेवलीस का गं?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"ऊठ मंग. दोन भाकरी काढ. दोघी मिळून खाऊ."